महामार्गाची कामे आणि पर्यावरण अधिकाऱ्याची सही

कोकणातील आपल्या समाजाचा पैसा गेल्या दहा-पंधरा वर्षांत रस्त्याच्या धंद्यात आला आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले, पुढे काम खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंत पसरले. आखातातून परतलेल्या कित्येकांनी बचतीचा पैसा डंपर, पोकलेन, खडी क्रशर, नाहीतर चिऱ्याच्या खाणीत घातला. धंदा म्हणून यात गैर काही नाही. आता याच कामांवर आपल्या शिकलेल्या मुलांसाठी आणखी एक जागा निघाली आहे, ती पर्यावरण अधिकाऱ्याची. बी.एस्सी. रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र झालेला मुलगा कंत्राटदाराकडे किंवा सल्लागार कंपनीकडे लागतो. बहुतेक ठिकाणी कामगारांची सुरक्षा आणि पर्यावरण ही दोन्ही लोढणी एकाच गळ्यात असतात. घरच्यांना विचारले की ते सांगतात, "फाइलचे काम आहे, उन्हात फिरायचे नाही." इथेच सगळी गफलत आहे.

हे काम खरे तर उन्हातलेच आहे. क्रशर, हॉटमिक्स प्लांट आणि काँक्रीटचा बॅचिंग प्लांट यांना 1974 चा जल कायदा व 1981 चा वायू कायदा यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. आधी उभारणीचे, मग चालवण्याचे. मुरूम आणि दगडासाठी महसूल खात्याची गौण खनिजाची परवानगी वेगळी. भरावाखाली जाणाऱ्या जमिनीवरची सुपीक माती 150 मिलिमीटरपर्यंत काढून वेगळी ठेवायची आणि तिचा ढीग 2 मीटरपेक्षा उंच करायचा नाही, असे रस्ते मंत्रालयाच्या बांधकाम विनिर्देशांतच लिहिले आहे. ही माती नंतर उतारावर पसरायची असते. प्रत्यक्षात ती किती ठिकाणी वेगळी ठेवली जाते, हे भातखाचरे असलेल्या शेतकऱ्याला विचारावे. हवेतील धुलिकणांची (पीएम 10) मर्यादा 24 तासांच्या सरासरीने घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. वस्तीजवळ आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. हे सर्व मोजून घ्यायचे, लिहायचे, आणि ज्या प्रकल्पाला केंद्राची पर्यावरण मंजुरी आहे त्याचा अनुपालन अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला पाठवायचा.

2013 च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला मंजुरीची अट बरीच सैल झाली. लांबी 100 किलोमीटरपेक्षा जास्त आणि जुन्या रस्त्यालगत 40 मीटरपेक्षा जास्त जमीन घेतली जात असेल, तरच ती लागू होते. त्यावरून अनेक कंत्राटदार "आम्हाला पर्यावरण लागतच नाही" असे बोलून मोकळे होतात. हे खोटे आहे. मंजुरी लागली नाही तरी कंत्राटातील पर्यावरणाच्या अटी, मंडळाचे संमतीपत्र आणि गौण खनिजाचे नियम जागच्या जागी असतात.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. प्रयोगशाळेचा माणूस यंत्र घेऊन येणार, हे साइटवर दोन दिवस आधीच ठाऊक असते. त्या दिवशी पहाटेपासून टँकर पाणी मारत फिरतात. क्रशर "दुरुस्तीसाठी" बंद राहतो. आकडा मर्यादेत येतो, अहवालावर सही होते, टँकर परत पार्किंगला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या वाडीतल्या बायका पुन्हा अंगणातली वाळवणे आत घेतात. हे वाचून एका हदीसची आठवण आल्याशिवाय राहत नाही. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तर वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ते वर का ठेवले नाहीस, असे आपण (स.) विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. आपल्या साइटवर रास तीच आहे, उलटी केलेली. आत धूळ आणि वरून ओल.

सही ही साक्ष आहे. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत स्वतःविरुद्ध किंवा आप्तांविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष द्यायचा आदेश आहे. तो निकाह आणि जमिनीच्या भांडणापुरता आहे आणि लॅबच्या कागदाला लागू नाही, असे समजायला आधार कोणता? हलाल रोजीची चर्चा आपण व्याजावर येऊन थांबवतो. खोट्या आकड्यावरच्या पगाराबद्दल कोणी बोलत नाही.

मात्र सगळा दोष त्या मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याचा पगार ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच खिशातून येतो. पर्यावरणाची कामे निविदेत बहुधा मूळ दरातच धरलेली असतात. त्यांचे वेगळे बिल निघत नाही, त्यामुळे टँकरची प्रत्येक फेरी कंत्राटदाराला नफ्यातून गेलेली वाटते. पाणी मारणे, माती साठवणे, माथ्यावरचे चर या बाबी निविदेत मोजून पैसे मिळणाऱ्या ठेवल्या, तर निम्मे खोटे आपोआप थांबेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याचा धाक तरी किती? पर्यावरण संरक्षण कायद्यातील शिक्षेचे कलम 1 एप्रिल 2024 पासून बदलले. तुरुंगवासाच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. शेकडो कोटींचे काम घेणाऱ्याला ही रक्कम किरकोळ आहे. पण एक क्रशर आणि बँकेच्या हप्त्यावरचे दोन डंपर असलेल्या माणसाला ती बुडवू शकते. नियम मोडायला मोठा कंत्राटदार सांगतो आणि जागेवर सापडतो तो उपकंत्राटदार, म्हणजे बहुतेक वेळा आपलाच माणूस.

मुरमाचेच घ्या. 28 मार्च 2020 रोजी केंद्राने रस्त्यासारख्या कामांसाठी माती काढण्याला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली. किती माती, कुठून, याला मर्यादाच नव्हती. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. मार्च 2025 मध्ये मंत्रालयाने अटी घालून नवी अधिसूचना काढली. या चार-पाच वर्षांत डंपर चालतच होते. मुरूम कोणत्या परवानगीवर उचलतो आहोत, हे किती मालकांनी स्वतः कागद पाहून तपासले? "मोठ्या साहेबांनी सांगितले" हे उत्तर तहसीलदाराच्या पंचनाम्यात चालत नाही. गाडी जप्त होते ती आपली.

आणि कोकणात हा विषय धुळीवर संपत नाही. डोंगर उभा कापला, पायऱ्या सोडल्या नाहीत, माथ्यावर चर खणले नाहीत, तर पहिल्या पावसात लाल माती वहाळात आणि तिथून नदीत उतरते. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले. त्याला अतिवृष्टीसह अनेक कारणे होती, सगळे खापर महामार्गावर फोडता येणार नाही. पण गाळाने पात्र उथळ झाले की पूर लवकर चढतो, हे वाशिष्ठीच्या काठी दुकान असलेल्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. परशुराम घाटात दरडींच्या भीतीमुळे 2022 च्या उन्हाळ्यात रोज काही तास वाहतूक थांबवून काम करावे लागले.

अनुपालन अहवाल हे सार्वजनिक कागद आहेत, 2006 च्या अधिसूचनेत तसे नमूद आहे. कोणीही अर्ज करून प्रत मागू शकतो. रस्त्यालगतच्या गावांतील जमातीच्या कमिट्या मशिदीचा रंग आणि कबरस्तानाची भिंत यांवर तासन्‌तास बैठका घेतात, तर वर्षातून दोन अर्ज करणे त्यांना जड नाही. ज्या प्रकल्पाला मंजुरी आहे त्याचा 1 जूनचा अहवाल पहिला मागवावा. तो पावसाच्या तोंडावर निघतो, आणि माथ्यावरचे चर कागदावर खणले आहेत की डोंगरावर, हे त्याच आठवड्यात चालत जाऊन पाहता येते.