फॉरमॅट मारण्याआधी...

"फॉरमॅट मारून टाका" हे वाक्य हल्ली मला फार खटकू लागलंय. डोकं दुखतं म्हणून केस कापायला सांगावं, तसलाच प्रकार. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, आणि तो सुचवणाऱ्याने आधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत झालंय.

निमित्त नातवाचं. त्याच्याकडे जुना प्लेस्टेशन ३ आहे. खेळांबरोबर घरचे व्हिडिओ टीव्हीवर बघायलाही तो वापरतो. भाचीच्या लग्नाची सहा जीबीची फाइल संगणकावरून बाहेरच्या हार्डडिस्कवर जाईना. डिस्कवर जागा तर १९० जीबी रिकामी! दुकानदाराने निदान केलं, "डिस्क खराब आहे, फॉरमॅट करू, नाहीतर नवीन घ्या." त्याच डिस्कवर ह्यांच्या एकसष्टीचं चित्रण आहे. ह्यांचा आवाज आता तेवढाच उरलाय आणि त्याची दुसरी प्रत नाही. नातू म्हणाला, "आजी, आधी तुला विचारावं म्हटलं." शहाणं पोर!

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. पण सातवीपर्यंत गणितही शिकवलंय, आणि हा मामला गणिताचाच निघाला. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या याची एक पद्धत असते. त्या डिस्कवर होती फॅट३२, १९९६ सालची. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा ठेवलेली आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. गुणपत्रकात गुणांसाठी दोनच घरं आखली, तर शंभर गुण लिहायचे कुठे? मुलगा हुशार असेल, कागदही भरपूर कोरा असेल, पण घरं दोनच! डिस्क खराब नव्हती, आखणी जुनी होती.

बरं, नुसतं फॉरमॅट करून तरी काय साधलं असतं? एनटीएफएस पद्धत घेतली तर मोठी फाइल मावते, पण प्लेस्टेशन ३ ला ती डिस्क दिसतच नाही. एक्सफॅटचंही तेच. त्याला बाहेरची डिस्क फॅट३२ च लागते. म्हणजे आठवणी पुसूनही लग्न काही टीव्हीवर दिसलं नसतं. उपाय साधा होता, व्हिडिओचे चार जीबीपेक्षा लहान दोन भाग करायचे. तसं केलं, आणि काम झालं.

यंत्राच्या आतल्या डिस्कचं दुखणं मात्र वेगळं. प्लेस्टेशन ४ वर मोठ्या खेळाचं अपडेट बसवताना यंत्र त्या खेळाची नवी प्रत बांधतं, त्यासाठी तात्पुरती बरीच जागा लागते. म्हणून अपडेट छोटं असूनही जागा कमी असल्याची तक्रार येते. तिथे एखादा नको असलेला खेळ काढावा. खेळ पुन्हा डाउनलोड करता येतो, आणि त्यातली आपली प्रगती वेगळी साठवलेली असते, ती खेळ काढल्याने जात नाही. सगळं यंत्रच कोरं केलं तर मात्र तीही जाते. आणि ५०० जीबीची डिस्क संगणकावर ४६५ दिसली तरी घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने. चोरी कुणी केलेली नाही.

तर विचारायचे प्रश्न दोनच. अडतंय ते जागेला, एका फाइलच्या आकाराला की आखणीला? आणि जे पुसायला निघालोय ते परत मिळण्यासारखं आहे का? पहिल्याचं उत्तर फाइलच्या आणि डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये मिळतं. दुसऱ्याचं कुठल्याच दुकानात मिळत नाही, ते घरच्यांनाच ठाऊक असतं. म्हणून दुकानदार कितीही जाणकार असला तरी पुसण्याचा निर्णय त्याच्यावर सोडू नये.

असो. एकसष्टीच्या आता दोन प्रती झाल्यात, एक नातवाकडे आणि एक माझ्या कपाटात. तुमच्याकडेही अशी एकुलती एक प्रत असेल तर आजच दुसरी करून ठेवा बरं!