शुगर 'बॉर्डरवर' आहे म्हणजे?

"शुगर बॉर्डरवर आहे, गोळी नाही दिली," असं सांगताना अम्मींच्या आवाजात सुटका असते. रिपोर्ट कपाटात जातो आणि संध्याकाळी तोच चहा, तीच खारी. बहिणींनो, खरं तर काही करण्याची वेळ हीच असते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ५.७ ते ६.४ आली, तर मधुमेह अजून झालेला नसतो, पण उंबऱ्याशी आलेला असतो.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीसारखं वागत राहिलेल्यांपैकी सुमारे तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणं सुधारलं आणि रोज चालले, त्यांच्यात तो ३९ टक्क्यांना झाला. सगळे वाचले नाहीत, पण बरेच वाचले, आणि तेही औषधाशिवाय.

आधी चहा पाहू. चार कप, प्रत्येकी दोन छोटे चमचे, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅमच्या वर साखर. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि त्यात शिरखुर्मा, बिस्किटं, सरबत सगळं आलं! एकदम फिका चहा कुणी पीत नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ रुळते.

चालण्याचं थोडं अवघड आहे. पुरुष मंडळी मशिदीला जाता-येता चालतात (बाइकवर जाणारे सोडून). बाई मात्र म्हणते, "दिवसभर राबते, तोच माझा व्यायाम." राबणं खरंच आहे, पण ओट्याशी उभं राहून दम लागत नाही. शिवाय सगळ्यांना वाढून, उरलेला भात रात्री अकराला खाऊन ती लगेच आडवी होते. ही सवय तिची एकटीची नाही, घराची आहे. दस्तरखानावर तिचं ताट सगळ्यांबरोबर लागलं पाहिजे, भांडी नंतर मुलांनी उचलावीत. मग मियाँ-बीवींनी पंधरा-वीस मिनिटं गल्लीत चालून यावं. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते.

नवी सवय जुन्या कामाला बांधली की टिकते: फजरनंतर, जेवणानंतर, मुलांना शाळेत सोडून येताना. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांवर पाहिलं, तर सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला बरेच कमी, कुणाला बरेच जास्त. मधला एखादा दिवस चुकला तरी बिघडलं नाही. त्यामुळे शादीत बिर्याणी-जर्दा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळंच सोडून देऊ नका.

आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. बाकीच्यांनी पुढची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं आणि ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.