"एक पावसाळा जाऊ द्या, बांध आपोआप बसेल" म्हणणाऱ्यांना



शेततळ्याचा बांध असो, माती नालाबांध असो की पाणंद रस्त्याचा भराव, एक वाक्य ठरलेलं: "आता सैल दिसतोय, पण एक पावसाळा जाऊ द्या, आपोआप बसेल." ठेकेदार म्हणतो, पोकलेनवाला म्हणतो, आपणही मान डोलावतो. हे वाक्य आता बंद करा. सैल मुरमाचा बांध पावसात "बसतो" म्हणजे खचतो. आणि तो सगळीकडे सारखा खचत नाही, खरा घात तिथंच आहे.

आधी असा मुरूम उभा कसा राहतो ते बघा. उन्हाळ्यातही त्यात थोडी ओल असते. दोन खड्यांच्या बेचक्यात अडकलेलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. ओल्या वाळूचा लाडू वळतो, कोरडीचा वळत नाही, तो याच ओढीमुळे. कृषी सहायक मंडळींना ही ओढ नवी नाही. टेन्शिओमीटर मोजतो ती हीच, आणि पिकाचं मूळ जिच्याशी झगडून पाणी घेतं तीही हीच. सैल ओतलेल्या भरावात खडे नुसते टेकलेले असतात, मध्ये पोकळ्या, आणि ही ओढ सगळा डोलारा सांभाळते. म्हणून मे महिन्यात बांध टणक वाटतो, वरून ट्रॅक्टरसुद्धा जातो.

जुलैत पाणी चढतं. पोकळ्या पाण्याने भरल्या की ओढ संपली. बांधावर नवं वजन काही आलेलं नसतं, तरी खडे घसरून पोकळीत पडतात. नेहमीच्या दाबाच्या सूत्रातून हे खचणं उलगडत नाही, हे जेनिंग्ज आणि बर्लंड यांनी 1962 मध्येच दाखवलंय. म्हणजे ही गोष्ट इंजिनिअर लोकांना साठ वर्षांपासून माहीत आहे.

पाणी आधी आतल्या उताराला आणि पाइपाच्या कडेला पोचतं. तिथला मुरूम खचतो, शेजारचा कोरडा तसाच उभा राहतो. मध्ये भेग. भेगेतून पाणी बारीक माती घेऊन निघालं की बांध गेलाच समजा. तळ्याला कागद असेल तर तो ताणून फाटतो. मग आपण खेकडा, घूस, ढगफुटी शोधत बसतो. 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खुद्द मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. खेकडा बीळ करतो, मान्य. पण कुठलाही बांध फुटला की पहिला प्रश्न दबाईचा विचारला पाहिजे.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. पाण्याची मोठी बाटली वरून कापा, कोरडा चाळलेला मुरूम न दाबता भरा, पातळीला खूण करा आणि हळूहळू पाणी सोडा. दुसऱ्या बाटलीत ओलसर मुरूम थराथराने ठोकून भरा, तसंच पाणी सोडा. दोन्ही खुणा शेजारी ठेवून बघा.

"पोकलेन फिरवला की दबतंय" हेही ऐकून घेऊ नका. त्याची चेन वजन पसरवायला असते, मशीन चिखलात रुतू नये म्हणून. दबाई रोलरची. तीही पातळ थरावर आणि योग्य ओलीवर.

आता खरा आक्षेप: उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, मुरमावर कुठून मारायचं? रास्त आहे. हिशोब करू. 1 घनमीटर दाबलेल्या मुरमाचं कोरडं वजन 1,800 किलो धरा. खाणीत ओल 4 टक्के आणि दबाईला 10 टक्के लागत असेल, तर घनमीटरला 108 लिटर पाणी लागतं. 5,000 लिटरचा टँकर 46 घनमीटरला पुरतो. तोच मुरूम हिवाळ्यात 8 टक्के ओलीचा मिळाला, तर 36 लिटरच लागतात आणि तोच टँकर जवळपास 139 घनमीटर ओढतो. म्हणजे पाण्याची टंचाई अर्धी कामाच्या तारखेने केलेली आहे. निधी संपवायला मार्चअखेरची घाई, मग एप्रिल-मेमध्ये कोरडा भराव. नाल्याला पाणी असेल तर थांबा, पण जानेवारीत काम का सुरू होत नाही?

म्हणून बिलावर सही करण्याआधी एवढं बघा:

1. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये.
2. थर वीतभराच्या आत, प्रत्येक थरावर रोलर.
3. बांधात घमेलंभर खड्डा घ्या, निघालेला मुरूम हाताने परत भरा. नीट दाबलेला असेल तर तो सगळा मावत नाही, वर शीग राहते. खड्डा भरायला मुरूम कमी पडला तर बिल थांबवा.
4. सरकारी काम असेल तर वाळू भरून घनता मोजायची चाचणी मागा. आयएस 2720 च्या भाग 28 मध्ये ती दिलेली आहे.

मशीनचे तास आणि घनमीटर मोजून पैसे देणं सोपं आहे. पण घनमीटरात पोकळ्याही मोजल्या जातात, आणि त्यांचेही पैसे आपणच देतो.