वाट कसली पाहताय?

उपासना संपून मंडळी बाहेर पडली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "प्रभूच्या मनात येईल तेव्हा तो मला बदलेल." बोलणारा खोटा नसतो. पण संध्याकाळी गुत्त्याकडे पाय वळताना हाच गृहस्थ प्रभूच्या मनात काय आहे ते विचारत नाही. तिथे त्याची स्वतःची इच्छा पुरते.

दुसऱ्याची तऱ्हा उलटी. दशमांश चुकवला नाही, उपवासकाळात मटणाला हात लावला नाही, म्हणजे तारणाचं खातं जमेत! मला हा जास्त अवघड वाटतो. त्याला कशाची गरजच भासत नाही.

बदल देवाच्या कृपेने होतो की माणसाच्या प्रयत्नाने, हा वाद जुनाच आहे. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा धर्मशिक्षक म्हणत होता, देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचं ढिलं वागणं पाहून तो वैतागला होता, आणि ते वैतागणं समजण्यासारखं आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन मात्र स्वतःच्या सवयींशी वर्षानुवर्षं झगडला होता, आणि ती ताकद त्याला स्वतःत सापडली नव्हती. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली. ५२९ साली ओरांजच्या सभेने तर सांगितलं की विश्वास ठेवावासा वाटणं, ही सुरुवातसुद्धा कृपेचीच. आता सांगा, आपण बदलावं असं तुम्हाला वाटतंय ना? मग ज्याची वाट पाहताय ते काम सुरू झालेलं आहे.

लूकचा १५वा अध्याय उघडा. हरवलेलं मेंढरू खांद्यावर बसून घरी येतं. धाकटा मुलगा मात्र डुकरांमधून उठून आपल्या पायांनी चालत येतो, आणि तो दूर असतानाच बाप धावत सुटतो. दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात, शेजारी शेजारी. आपण मात्र सोयीची तेवढी उचलतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं की धर्म हाती आला होता, ख्रिस्त भेटला नव्हता; हे कळायला आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषीला! त्या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या, १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदनही उघडलं. पण तारण मिळालं ते या कामाच्या मोबदल्यात, असं त्या सांगत नाहीत.

म्हणून विनंती एवढीच. भावाशी बोलणं बंद असेल तर आज फोन लावा. कृपा वाटली की लावीन, असं म्हणू नका. दारू सुटत नसेल तर घरच्यांना सांगा, पाळकांना सांगा, डॉक्टरकडेही जा. आणि प्रार्थना करावीशीच वाटत नसेल, तर तेवढंच प्रभूला सांगा.