नाईट करून आलेल्या सिस्टरला झोप कोण देणार?

सकाळी नऊच्या सुमाराला आपल्या गल्लीतून एखादी सिस्टर ड्यूटी संपवून घरी येताना दिसते. रात्रभर तिने वॉर्ड सांभाळलेला असतो. घरी येते तो नळ जायला दहा मिनिटं उरलेली, मोरीत भांडी पडलेली, लेकराचा डबा व्हायचा असतो. सगळं आवरून दुपारी बाराला ती आडवी होते, तेवढ्यात शेजारी स्पीकर सुरू होतो. संध्याकाळी सातला पुन्हा तीच बाई बसस्टॉपवर उभी.

अशा सिस्टरला कुणी विचारलं, 'नोकरीत समाधानी आहेस का?' तर ती 'हो' म्हणेल. कारण त्या पगारावर घर उभं असतं. नर्सिंगच्या फीसाठी काढलेलं कर्ज, धाकट्या भावाचं शिक्षण, सासऱ्यांची शुगरची औषधं. त्यातून नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. जिच्या एका पगारावर सहा माणसं जेवतात, ती इन्चार्जसमोर सलग नाईटबद्दल तोंड उघडत नाही. आडनाव कळल्यावर नेमकी तिच्याच वाट्याला येणारी कामंही मुकाट्याने करते. हे समाधान नव्हे, ही गरज आहे.

मी हे बाहेरून बघून लिहीत नाही. मुलगा दीड वर्षाचा असताना एका खासगी दवाखान्यात माझी सलग सहावी नाईट होती. दिवसा दोन तासांपेक्षा जास्त झोप नव्हती. पहाटे इंजेक्शन भरून मी एका काकांच्या दंडाला हात लावला. ते म्हणाले, "सिस्टर, माझं तर मघाशीच झालं." शेजारच्या खाटेचं इंजेक्शन होतं. ते काका जागे नसते तर? त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन मी रडले. मला वाटलं, मी वाईट नर्स आहे. आज कळतं, मी फक्त न झोपलेली नर्स होते.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "सोडून दे नोकरी." सासूबाई म्हणाल्या, "सोडायची कशाला? उद्यापासून पाणी मी भरते, डबा तो करील." नाईटच्या दिवसांत सकाळी दहा ते तीन दाराला पडदा आणि बाहेर सासूबाई. कुणी आलं की, "झोपलीय ती, नंतर या." दवाखाना तोच, पगार तोच, पण महिनाभरात मला माझं काम पुन्हा आवडायला लागलं.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की सगळा दोष घराचा आहे. व्यवस्थापनाला हेच हवं असतं. 'तुमचा घरचा प्रॉब्लेम इथे आणू नका' असं म्हटलं की त्यांची जबाबदारी संपते. बाबासाहेबांनी ही पळवाट कधीच मान्य केली नाही. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी हेच मांडलं, की बाईच्या बाळंतपणाचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही. तिच्या श्रमातून ज्याला फायदा होतो त्या मालकानेही तो उचलला पाहिजे. 1929 साली तो कायदा झाला. पुढे 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. आपल्या लेकी काम करतात त्यातल्या किती दवाखान्यांत पाळणाघर आहे? विचारा तर खरं.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत : माणसाच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. आपल्या मागण्या याहून वेगळ्या नाहीत. ड्यूटीचा तक्ता आधी हातात द्या, नाईटनंतर पुरता ऑफ द्या, कंत्राटातही रजा द्या.

त्याच सुत्तात नवरा-बायकोची कर्तव्यंही आहेत, आणि बायकोचा मान राखणं हे नवऱ्याचं कर्तव्य सांगितलं आहे. म्हणून दवाखान्याकडे मागताना घरातही बघू. जिच्या घरी नाईट असेल तिथे पाणी आणि डबा दुसऱ्याने करावा, मुलग्यांनाही शिकवावं. रात्री बसस्टॉपपर्यंत कुणीतरी सोबत जावं. 'कुठे जाते रात्रीची?' असं विचारणाऱ्याला घरच्यांनीच उत्तर द्यावं, तिला द्यायला लावू नये. विहारात महिला मंडळाने दुपारी दोन-तीन तास लहान मुलं सांभाळली, तर पाच-सहा जणींना झोप मिळेल. त्यात फक्त सिस्टर नाहीत, आयाबाई, सफाई कामगार, दिवसभर उन्हात फिरणाऱ्या आशाताईही आहेत. आणि जयंतीचा महिना असला तरी दुपारचा स्पीकर बंद ठेवता येतो.

अतिसाराने आजारी पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतलं होतं. आपल्या लेकी रोज तेच काम करतात. उद्या त्या वॉर्डात आपलंच कुणी असेल. तेव्हा समोरची सिस्टर झोपून आलेली असावी, एवढी व्यवस्था आज आपल्या गल्लीत करू या.

जय भीम!