नोटीस कोणाच्या मोबाईलवर येते?



मोगऱ्याच्या कळीत अळी शिरली म्हणून गेल्या महिन्यात नायगावच्या एका वाडीवर जाणे झाले. अळी पाहून होते न होते तोच घरातल्या वहिनींनी एक कागद पुढे केला. "भाऊसाहेब, हे जरा वाचा. आमचे हे रात्र रात्र झोपत नाहीत. अर्धी वाडी विकून मोकळे होऊ म्हणतात."

कागद जीएसटीचा होता. यजमानांची रोपवाटिका आहे आणि जोडीला सोसायट्यांच्या बागा लावून देण्याचे काम. त्या कामासाठी नंबर काढला, पुढे कामे थंडावली आणि रिटर्न भरणे राहिले. धंदा नाही तर रिटर्न कशाला, हा समज सगळीकडे आहे. पण नंबर चालू असेल तर कोरे रिटर्नसुद्धा भरावे लागते. उशिराचे शुल्क दिवसावर चढते आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. इथे तर रिटर्न नाही म्हणून अधिकाऱ्याने अंदाजाने कर ठरवून आदेशच काढला होता.

आधी नोटिसा आल्या नव्हत्या का? आल्या होत्या! पण नंबर काढून देणाऱ्या इसमाने पोर्टलवर स्वतःचाच मोबाईल आणि ई-मेल टाकलेला. तो केव्हाच दुसरीकडे गेला. तुमच्या नंबराला कोणाचा मोबाईल जोडला आहे, हे आजच पाहून घ्या.

मी शेतीचा माणूस, कराचा नव्हे. तरी तारीख पाहिली. आदेशाला ४१ दिवस झाले होते. अशा अंदाजी आदेशानंतर ६० दिवसांत खरे रिटर्न भरले, तर आदेश मागे घेतला असे कायदा धरतो. खरा कर, व्याज व शुल्क तेवढे द्यावे लागते. म्हणजे १९ दिवस हाती होते. इतर आदेशांवर तीन महिन्यांत अपील करता येते, त्यासाठी वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात. आदेशाने ठरलेल्या रकमेला जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मागता येतात. पण एक चुकला की उरलेली सारी रक्कम एकदम. स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला ही सवलत नाही.

हे बसवून द्यायला सनदी लेखापाल, कर वकील किंवा नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर हवा. "साहेबांना सांगून मिटवतो" म्हणणाऱ्याच्या हाती रोख देऊ नका. पैसे आपल्या नावाच्या चलनानेच भरावेत आणि प्रत घरी ठेवावी. जाताना बँकेचे पासबुक, बिले, सातबारा न्यावा. सातबारा का? रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न २००८ च्या दुरुस्तीपासून प्राप्तिकरासाठी शेतीचेच धरले जाते. कुंड्या, विकत आणलेले खत, बाग लावण्याचा मोबदला हा धंदा. दोन्ही एकाच वहीत लिहिणारा नसता कर ओढवून घेतो.

माफीची वाट पाहत बसणारेही भेटतात. राज्याने २०२३ मध्ये जीएसटीपूर्व विक्रीकराची एका वर्षाची २ लाखांपर्यंतची थकबाकी माफ केली होती खरी. ती योजना संपली, आणि जीएसटीला ती नव्हतीच.

यजमान सोमवारी लेखापालांकडे गेले. खरा कर आदेशाहून बराच कमी निघाला, पण व्याज आणि शुल्क टळले नाही. ते मोगऱ्याच्या पैशातून फेडायचे ठरले आहे. अळीचा बंदोबस्त म्हणूनच लगेच हवा. तो पुढील अंकी.