बक्षिसी : सौजन्य की वेतन?

निरनिराळ्या देशांतील शिष्टाचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा गमतीच्या सुरात होते. जपानी माणूस कमरेत वाकून अभिवादन करतो, फ्रेंच माणूस गालाला गाल लावून स्वागत करतो, अशा गोष्टी प्रवासवर्णनांतून वाचून आपण क्षणभर चकित होतो आणि ‘देश तसा वेश’ असे म्हणून पान उलटतो. परंतु काही रीतींच्या मुळाशी श्रम आणि पैसा यांचे संबंध दडलेले असतात, आणि त्यांची गणना केवळ गमतीत करून चालत नाही. उपाहारगृहातील वाढप्याला दिली जाणारी बक्षिसी, अर्थात् ‘टिप’, ही अशीच एक रीत होय.

अमेरिकेत जेवणाच्या बिलावर शेकडा पंधरा ते वीस इतकी रक्कम वाढप्यासाठी ठेवण्याचा प्रघात आहे. ती न ठेवणारा माणूस असभ्य समजला जातो. जपानमध्ये मात्र टेबलावर राहिलेले पैसे गिऱ्हाईक विसरून गेले असे समजून वाढपी ते परत करण्यासाठी मागे धावत येतो. तेथील जुन्या पद्धतीच्या विश्रामगृहांत सेविकेला काही द्यावयाचेच झाले, तर ते पाकिटात घालून द्यावे लागते. उघडी नोट पुढे करणे अशिष्ट ठरते. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो आणि दरपत्रकावरील किंमत त्यासह छापण्याचे बंधन १९८७ पासून आहे. त्यावर कोणी चार नाणी ठेवली तर ती केवळ खुशीची.

यावरून अमेरिकन माणूस उदार, जपानी मानी आणि फ्रेंच हिशेबी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. बक्षिसीची चाल अमेरिकेत युरोपातून आली आणि आरंभी तिला तेथे कडवा विरोध झाला. विल्यम स्कॉट यांनी १९१६ साली ‘द इचिंग पाम’ हे पुस्तक लिहून या प्रथेवर हल्ला चढविला. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली बक्षिसीवर कायद्याने बंदी घातली व आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. मात्र १९२६ पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले.

मग ही चाल रुजली कशी? यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत सेवक म्हणून घेतले. पगार तुटपुंजा, उरलेली भर उतारूंच्या हातून पडावी ही अपेक्षा. सेवकाचे नाव काहीही असो, मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून उतारू त्याला ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारीत. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी १९२५ साली संघटना उभारली. कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला, पण उपाहारगृहांतील कामगार त्याबाहेर राहिले. १९६६ साली त्यांना आत घेतले गेले, तेही बक्षिसीची रक्कम वेतनात वजा धरण्याची मुभा मालकाला देऊनच. परिणामी संघराज्याच्या कायद्यानुसार सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर असताना, बक्षिसी मिळविणाऱ्यांना मालकाने द्यावयाचे किमान वेतन १९९१ पासून २.१३ डॉलरवर थांबलेले आहे. तूट पडल्यास ती मालकाने भरावी असे कायदा सांगतो. पण ती मागण्याचे धाडस नोकरी गमावण्याची भीती असलेल्याने कसे करावे?

या व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गजबजलेल्या उपाहारगृहांत बक्षिसीची कमाई चांगली होते, म्हणून अनेक वाढप्यांनाच बदल नको असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये वाढप्यांना टप्प्याटप्प्याने पूर्ण किमान वेतन देण्याचा प्रस्ताव २०२४ साली मतदारांनी फेटाळला, तेव्हा विरोधकांत वाढपीही होते. तरीही मूळ प्रश्न उरतोच. ज्याची मिळकत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याला उद्धटपणा आणि अपमानही हसतमुखाने सोसावा लागतो. व्यवसायातील जोखीम मालकाने उचलावयाची असते. येथे ती सर्वांत दुबळ्या घटकाच्या माथी येते आणि तिला सौजन्याचे नाव मिळते.

आपणही याबाबत निर्लेप नाही. दिवाळीची पोस्त, खुशाली, चहापाणी, चिरीमिरी असे शब्द आपल्या भाषेत एका ओळीत उभे आहेत, आणि कौतुक कोठे संपते व लाच कोठे सुरू होते हे त्यांतून सांगणे कठीण. उपाहारगृहांनी बिलात सेवा-आकार परस्पर लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु या वादात ग्राहकाच्या खिशाची जितकी चर्चा झाली, तितकी वाढप्याच्या पगाराची झाली नाही.

परदेशी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी यजमान देशाची रीत पाळावी हे उचित. अमेरिकेत तत्त्वासाठी म्हणून बक्षिसी नाकारल्यास शिक्षा मालकाला होत नाही, ती वाढप्याला होते. मात्र रीत पाळताना तिचा भार कोण वाहतो याचा विचार सोडू नये. घरी झाडलोट करणाऱ्या बाईंना वा इमारतीच्या पहारेकऱ्याला दिवाळीत पोस्त देताना आपण त्यांना वर्षभर पुरेसा पगार देतो काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे. पगार पुरेसा असेल तर पोस्त शोभते. नसेल तर ती आपल्याच देण्याचा एक थकलेला हप्ता ठरते.